नव्याने मधुमेहाचे निदान झालेल्या मांजराची घरगुती निगा

पशुआरोग्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी येते; मांजराचा विचार सहसा होत नाही. वास्तविक धान्याच्या कणगीशी उंदरांवर पहारा ठेवणारा प्राणी म्हणून शेतकरी कुटुंबात मांजराचे स्थान जुने आहे. आता शहरांत व तालुक्याच्या गावांत निर्बीजीकरण झालेली, कायम घरातच राहणारी आणि दहा-बारा वर्षांहून अधिक जगणारी मांजरे वाढली आहेत. वय वाढले, हालचाल घटली आणि खाणे आयते मिळू लागले, की माणसात जे घडते तेच मांजरातही घडते. त्यामुळे गावपातळीवर काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना आणि पशुधन पर्यवेक्षकांना ‘आमच्या मांजराला साखर निघाली आहे, आता काय करावे?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे.

या प्रश्नामागे बहुधा भीती असते. दिवसातून दोनदा सुई टोचणे आपल्याला जमणार नाही, जनावराचे हाल होतील, खर्च झेपणार नाही, या समजुतीने काही कुटुंबे उपचार सुरूच करत नाहीत. दुसरीकडे काही जण उत्साहाने घरातील वडीलधाऱ्यांचे इन्सुलिन मांजराला टोचतात आणि काही तासांत ते मांजर दगावते. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. मधुमेही मांजराची निगा हे मुख्यतः नियमिततेचे काम आहे आणि दुभत्या जनावराच्या दोन वेळच्या धारा न चुकवणाऱ्या कुटुंबाला नियमितता नवी नाही. प्रस्तुत लेखात निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घरी काय करावे, काय टाळावे आणि त्यामागील कारणे कोणती, याचे विवेचन केले आहे. औषधाची मात्रा मात्र नेहमी उपचार करणाऱ्या पशुवैद्यकानेच ठरवावयाची असते, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

मांजरात मधुमेह कसा होतो

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक निर्माण करतात. त्याच्या साहाय्याने रक्तातील ग्लुकोज पेशींमध्ये शिरते. बहुतांश मधुमेही मांजरांत आजाराचे स्वरूप माणसातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी जुळते. प्रथम शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होते आणि त्याची भरपाई करता करता बीटा पेशी थकतात. मांजराच्या स्वादुपिंडात अमायलॉइड नावाचा प्रथिनयुक्त पदार्थ साचतो व तोही या पेशींचे नुकसान करतो. शिवाय रक्तातील साखर दीर्घकाळ जास्त राहिली तर ती साखर स्वतःच बीटा पेशींना घातक ठरते. म्हणूनच उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे, कारण थकलेल्या पण अद्याप न मेलेल्या पेशींना वेळेवर विश्रांती मिळाली तर त्या पुन्हा कार्यक्षम होऊ शकतात.

मध्यम वयाच्या पुढील, लठ्ठ, निर्बीजीकरण केलेल्या बोक्यांमध्ये या आजाराचा धोका अधिक असतो. दुसरे एक कारण क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. त्वचेच्या खाजेवर किंवा दम्यावर वारंवार दिली जाणारी दीर्घकाळ टिकणारी स्टेरॉइड इंजेक्शने आणि माजावर येऊ नये म्हणून दिली जाणारी प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे मांजरात मधुमेह उत्पन्न करू शकतात. त्यामुळे मांजराला यापूर्वी कोणती इंजेक्शने व औषधे दिली होती, ही माहिती पशुवैद्यकाला अवश्य द्यावी.

लक्षणे आणि निदान

भरपूर पाणी पिणे, वारंवार व जास्त मूत्रविसर्जन करणे, भूक वाढूनही वजन घटत जाणे ही चार प्रमुख लक्षणे होत. चार किलो वजनाचे मांजर दिवसाला 400 मिलिलिटरहून अधिक पाणी पिऊ लागले, तर ते निश्चितच अति आहे. घरातल्या वाळूच्या ट्रेमध्ये मोठमोठे ओले गोळे दिसू लागतात, तर मोकळ्या फिरणाऱ्या मांजराच्या बाबतीत मुंग्यांनी मूत्राची जागा दाखवून दिल्याचेही आढळते. केस निस्तेज होतात, त्यांत कोंडा दिसतो. आजार जुना झाल्यास मज्जातंतूंवर परिणाम होऊन मांजर मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागते. पूर्वी ओट्यावर सहज उडी मारणारे मांजर उडी चुकू लागले, तर ते केवळ म्हातारपण समजू नये.

निदानाच्या बाबतीत मांजराचे एक वैशिष्ट्य आहे. दवाखान्यातील भीतीने निरोगी मांजराची रक्तशर्कराही 300 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जाऊ शकते. म्हणून केवळ एका तपासणीवरून मधुमेहाचा शिक्का मारू नये. लक्षणे, मूत्रातील साखर आणि मागील एक-दोन आठवड्यांतील सरासरी रक्तशर्करेचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी यांचा एकत्रित विचार करून निदान पक्के केले जाते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, दातांचे व हिरड्यांचे आजार, स्वादुपिंडाचा दाह हे विकार सोबत असतील तर इन्सुलिन नीट काम करत नाही. म्हणून त्यांचीही तपासणी करून घ्यावी.

कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा

भारतात मधुमेही मांजराच्या जिवाला सर्वांत मोठा धोका संभवतो तो या एका मुद्द्यावर. आपल्या देशात माणसांसाठीचे इन्सुलिन दोन तीव्रतांच्या कुप्यांत मिळते: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. त्यानुसार सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. 40 च्या सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल, तर 100 च्या सिरिंजचे नारिंगी असते. घाईत किंवा अंधूक प्रकाशात हे दोन रंग सारखेच भासतात. म्हणून रंगावर विसंबू नये. कुपीवर छापलेला आकडा आणि सिरिंजवर छापलेला आकडा वाचून दोन्ही जुळवावेत.

हे आकडे जुळले नाहीत तर काय होते, ते पाहू. 40 च्या सिरिंजवरील एक खूण म्हणजे 0.025 मिलिलिटर. तीत 100 तीव्रतेचे इन्सुलिन भरले तर त्या एका खुणेत 2.5 युनिट येतात. म्हणजे पशुवैद्यकाने 2 युनिट सांगितले असताना मांजराच्या शरीरात 5 युनिट जातात. चार किलोच्या प्राण्यासाठी ही मात्रा प्राणघातक ठरू शकते. उलट 100 च्या सिरिंजवरील एक खूण म्हणजे 0.01 मिलिलिटर. तीत 40 तीव्रतेचे इन्सुलिन भरल्यास खुणेमागे अवघे 0.4 युनिट जाते. मग मांजर बरे होत नाही, औषध लागू पडत नाही असा समज होतो आणि मात्रा वाढवली जाते. पुढे कधीतरी योग्य सिरिंज हाती आली की तीच वाढवलेली मात्रा घात करते. याखेरीज 300 युनिट प्रति मिलिलिटर तीव्रतेची पेनेही बाजारात आहेत. त्यांतील औषध सिरिंजने काढून वापरू नये.

मांजरांसाठी ग्लार्जिन हे दीर्घकाळ परिणाम करणारे इन्सुलिन अनेक पशुवैद्यक पसंत करतात. ते सामान्यतः 100 तीव्रतेचे असून दर बारा तासांनी दिले जाते. आरंभीची मात्रा अल्प असते, बहुतेक वेळा प्रत्येक वेळी सुमारे 1 युनिट. इतकी छोटी मात्रा अचूक मोजण्यासाठी अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली 0.3 मिलिलिटरची 100 ची सिरिंज सर्वांत सोयीची ठरते. घरातील आजी-आजोबांसाठी आणलेले मिश्र इन्सुलिन, ते कितीही ताजे असले तरी, मांजराला देऊ नये. त्याचा प्रभाव मांजरात वेगळ्या गतीने चढतो व उतरतो.

खर्चाच्या दृष्टीने एक हिशेब उपयोगी पडेल. 10 मिलिलिटरच्या 100 तीव्रतेच्या कुपीत 1000 युनिट असतात. दिवसाला 2 युनिट लागणाऱ्या मांजराला ती आकडेमोडीने 500 दिवस पुरावी; परंतु उघडलेली कुपी इतके दिवस टिकत नाही. त्यामुळे 3 मिलिलिटरचे, 300 युनिटचे कार्ट्रिज घेणे अनेकदा स्वस्त पडते. त्यातून सिरिंजने औषध कसे काढावे, हे पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

इन्सुलिनची साठवण

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. शीतकपाटाच्या दारात तापमान सारखे बदलते, तर बर्फाच्या कप्प्यात औषध गोठते. म्हणून मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवणे योग्य. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी निकामी झालेले असते, ते फेकून द्यावे. विदर्भ, मराठवाडा, तेलंगण किंवा माळव्यातील उन्हाळ्यात घरातील तापमान सहज 35 अंशांच्या वर जाते. वीज दीर्घकाळ गेल्यास कुपी पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून ओल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवावी. प्रवासात बर्फाच्या पिशवीला कुपी थेट टेकू देऊ नये, मध्ये जाड कापड असावे.

ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसल्यास वापरू नये. त्यात पाणी वा दुसरे इन्सुलिन मिसळू नये, कारण त्याचा दीर्घ परिणाम द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असतो आणि मिसळल्याने ती बिघडते. याउलट काही इन्सुलिन मुळातच दुधाळ असतात. ती वापरण्यापूर्वी कुपी तळहातांमध्ये हलकेच फिरवावी. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

इंजेक्शन देण्याची पद्धत

इन्सुलिनची सुई अतिशय बारीक असते. मांजराला तिचा त्रास आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळच कमी होतो. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम मांजराला खाऊ घालावे आणि ते खाते आहे याची खात्री करावी. सिरिंजमध्ये ठरलेली मात्रा भरून हवेचे बुडबुडे काढावेत. इतक्या छोट्या मात्रेत एक बुडबुडाही मोठी तूट निर्माण करतो. मांजर खाण्यात गुंतलेले असताना छातीच्या बाजूची किंवा कुशीची कातडी दोन बोटांनी उचलून तंबूसारखी करावी. त्या तंबूच्या तळाशी, कातडीखाली सुई घालून दट्ट्या सावकाश दाबावा. मानेमागच्या जाड कातडीपेक्षा बाजूची जागा चांगली. रोज जागा थोडी बदलावी आणि आज डावी बाजू घेतली तर उद्या उजवी घ्यावी. प्रत्येक वेळी नवी सिरिंज वापरावी.

काही प्रसंगी हमखास गोंधळ उडतो. सुई आरपार जाऊन औषध केसांवर सांडले, किंवा मात्रा पूर्ण गेली की अर्धी हे कळले नाही, तर पुन्हा टोचू नये. एक मात्रा चुकल्याने साखर काही तास वाढेल, ते निभावते. दुप्पट मात्रा गेली तर जीव जाऊ शकतो. हाच नियम विसरलेल्या मात्रेलाही लागू आहे: पुढच्या वेळी दोन्ही मिळून देऊ नयेत. मांजराने खाल्ले नाही किंवा उलटी केली, तर ठरलेली पूर्ण मात्रा न देता पशुवैद्यकाला दूरध्वनी करावा. घरात दोन व्यक्ती इंजेक्शन देत असतील तर एकाने दिल्याचे दुसऱ्याला न कळून दोनदा दिले जाते. यासाठी भिंतीवर दिनदर्शिका लावून प्रत्येक मात्रेनंतर लगेच खूण करावी.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर किंवा खताच्या खड्ड्यात कदापि टाकू नयेत. त्या शेणखताबरोबर शेतात पोहोचतात आणि अनवाणी मजुराच्या पायात शिरतात. त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करून बाटली भरल्यावर दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्याव्यात.

आहार

मांजर हा सर्वार्थाने मांसाहारी प्राणी आहे. मोकळ्या, शिकारीवर जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा अभ्यास केला असता त्यांना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 52 टक्के प्रथिनांतून, 46 टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि जेमतेम 2 टक्के पिष्टमय पदार्थांतून येते, असे आढळले आहे. मांजराच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर नसते आणि एकदम आलेले ग्लुकोज हाताळण्याची त्याच्या यकृताची क्षमताही मर्यादित असते. या पार्श्वभूमीवर आपल्या घरातील दूधभात, दूधपोळी, बिस्किटे हा आहार मधुमेही मांजरासाठी किती प्रतिकूल आहे, हे सहज लक्षात येईल. बाजारातील अनेक कोरड्या खाद्यांतही धान्याचे प्रमाण बरेच असते.

मधुमेही मांजराच्या आहारात पिष्टमय पदार्थांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 12 टक्क्यांहून कमी असावी, असे सामान्यतः सुचवले जाते. यासाठी डबाबंद ओले मांसाहारी खाद्य सोयीचे असते. घरगुती आहार द्यावयाचा असल्यास उकडलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी आणि अंडी हे त्याचे मुख्य घटक असावेत. मात्र केवळ उकडलेले मांस हा पूर्ण आहार नव्हे. त्यात टॉरिन, कॅल्शियम व काही जीवनसत्त्वांची उणीव राहते आणि टॉरिनच्या अभावी मांजराचे हृदय व डोळे निकामी होऊ शकतात. म्हणून दीर्घकाळ घरगुती आहार देताना पशुवैद्यकाने सांगितलेले पूरक घटक घालावेत. कांदा व लसूण मांजराला विषारी आहेत, त्यामुळे घरातील रस्सा त्याला घालू नये.

आहारबदलाविषयी दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली अशी की, पिष्टमय पदार्थ कमी होताच इन्सुलिनची गरजही घटते. इन्सुलिन चालू असताना कुटुंबाने परस्पर आहार बदलला आणि मात्रा तीच ठेवली, तर रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरते. म्हणून आहारातील प्रत्येक बदल पशुवैद्यकाला सांगून आणि तपासणी वाढवून करावा. दुसरी सूचना उपासाबाबत आहे. लठ्ठ मांजराला वजन घटवण्यासाठी उपाशी ठेवू नये. काही दिवसांच्या उपासाने त्याच्या यकृतात चरबी साचून गंभीर आजार उद्भवतो. आठवड्याला वजनाच्या 0.5 ते 1 टक्का, म्हणजे सहा किलोच्या मांजरात 30 ते 60 ग्रॅम इतकीच घट योग्य होय. याउलट निदानाच्या वेळीच जे मांजर खंगलेले आहे, त्याचे वजन आधी भरून आले पाहिजे. वजनासाठी भाजीपाला तोलण्याचा डिजिटल काटा व एक टोपली पुरेशी आहे.

स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध ठेवावे. जास्त मूत्र होते म्हणून पाणी तोडणे ही घोडचूक आहे, कारण मांजर जास्त पाणी पिते ते मूत्रावाटे गेलेले पाणी भरून काढण्यासाठीच.

रक्तशर्करा अचानक कमी होणे: पहिली आणीबाणी

इन्सुलिनच्या उपचारातील सर्वांत तातडीचा धोका साखर वाढण्यात नसून ती अति कमी होण्यात आहे. रक्तशर्करा 60 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाणे धोक्याचे समजावे. सुस्ती, झोकांड्या खाणे, थरथर, अचानक हावरेपणा, टक लावून शून्यात पाहणे, हाक मारल्यास प्रतिसाद न देणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. पुढे झटके येतात व शुद्ध हरपते.

मांजर शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर ताबडतोब त्याचे नेहमीचे खाद्य द्यावे. ते खात नसल्यास ग्लुकोज पावडरचे घट्ट द्रावण किंवा मध थोडा थोडा तोंडात चाटवावा. तेही नसेल तर साखरेचा पाक वापरावा. शुद्ध नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी ग्लुकोजचे द्रावण बोटाने हिरड्यांना चोळावे, मात्र चावा बसणार नाही याची काळजी घ्यावी. मोजमापाचे यंत्र आणण्यात वा आकडा पाहण्यात वेळ दवडू नये. लक्षणे दिसताच आधी साखर द्यावी आणि लगेच दवाखाना गाठावा. मांजर सावरल्यासारखे वाटले तरी इन्सुलिनचा परिणाम अनेक तास टिकून असतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. पुढची मात्रा पशुवैद्यकाशी बोलल्याशिवाय देऊ नये. ग्लुकोज पावडरचे पाकीट इन्सुलिनच्या डब्याशेजारीच कायम ठेवलेले असावे.

दुसरी आणीबाणी याच्या उलट आहे. इन्सुलिनच्या अभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचतात. मांजर खाणे सोडते, उलट्या करते, मलूल होते आणि त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नखांचे रंग पुसण्याच्या द्रवासारखा वास येतो. या स्थितीवर घरी कोणताही इलाज नाही. शिरेतून द्रव देण्याची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच दिवशी न्यावे.

घरी मोजमाप आणि नोंदवही

दवाखान्यातील आकडा भीतीने फुगतो, म्हणून घरी शांतपणे घेतलेला आकडा अधिक विश्वसनीय असतो. मांजराच्या कानाच्या कडेलगत एक बारीक शीर असते. कान कोमट कापडाने शेकून त्या कडेला बारीक सुईने टोचल्यास ग्लुकोमीटरला पुरेल इतका रक्ताचा थेंब मिळतो. माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात प्रत्यक्षापेक्षा काहीसा कमी आकडा दाखवण्याकडे झुकतात. प्राण्यांसाठीचे यंत्र मिळाल्यास उत्तम. ते न मिळाल्यास नेहमी एकच यंत्र वापरावे व ते कोणते आहे हे पशुवैद्यकाला सांगावे.

पशुवैद्यकाने सांगितलेल्या दिवशी इन्सुलिनपूर्वी आणि त्यानंतर दर दोन तासांनी, बारा तासांपर्यंत आकडे घेऊन आलेख तयार करतात. त्यावरून साखर सर्वांत खाली केव्हा व किती येते हे कळते आणि मात्रा ठरते. एका उंच आकड्यावरून घरच्या घरी मात्रा वाढवू नये. नव्या मात्रेचा खरा परिणाम स्थिरावण्यास काही दिवस लागतात. मूत्रपट्टीने साखर व कीटोन तपासणे उपयुक्त आहे. मात्र मांजराची रक्तशर्करा साधारण 250 ते 290 च्या वर गेल्यावरच मूत्रात साखर उतरते, त्यामुळे केवळ पट्टीवरून इन्सुलिन वाढवू नये. कीटोन आढळल्यास मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवावे.

नोंदवहीत रोज पुढील बाबी लिहाव्यात: इन्सुलिनची वेळ व मात्रा, खाल्लेले प्रमाण, प्यालेले पाणी, मूत्राचे प्रमाण, घेतला असल्यास रक्तशर्करेचा आकडा आणि आठवड्याचे वजन. पाणी कमी होत जाणे, वजन भरून येणे आणि मांजराने पुन्हा स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवू लागणे ही उपचार लागू पडत असल्याची चिन्हे यंत्राच्या आकड्याइतकीच मोलाची आहेत. मात्रा वाढवत नेऊनही प्रतिसाद मिळत नसेल, तर मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथीच्या गाठीमुळे वाढसंप्रेरक जास्त स्रवणे यासारख्या कारणांचा शोध पशुवैद्यकाला घ्यावा लागतो.

इन्सुलिन कायमचे घ्यावे लागते काय

माणसाच्या अनुभवावरून आपण ‘एकदा इन्सुलिन लागले की सुटत नाही’ असे म्हणतो. मांजराच्या बाबतीत हे नेहमीच खरे नाही. लवकर उपचार, कमी पिष्टाचा आहार आणि काटेकोर नियंत्रण यांमुळे बऱ्याच मांजरांचे इन्सुलिन काही महिन्यांत पूर्णपणे बंद करता येते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरी वारंवार रक्तशर्करा मोजून ग्लार्जिनने उपचार केलेल्या 55 मांजरांपैकी 64 टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत असे काटेकोर नियंत्रण सुरू केलेल्या मांजरांत हे प्रमाण 84 टक्के, तर उशिरा सुरू केलेल्यांत 35 टक्के होते. हे अत्यंत दक्ष मालकांचे निष्कर्ष आहेत. सर्वांना तसेच यश मिळेल असे नाही. तथापि पहिले सहा महिने वाया घालवू नयेत, हा बोध सर्वांसाठी आहे.

मांजर इन्सुलिनमुक्त होऊ लागल्याची चाहूल बहुधा साखर उतरण्याच्या प्रसंगांतूनच लागते. म्हणून सुधारणा दिसू लागली की मोजमाप कमी न करता वाढवावे. इन्सुलिन बंद झाल्यावरही आहार पूर्वीप्रमाणे बदलू नये आणि स्टेरॉइड टाळावीत, कारण आजार पुन्हा उलटू शकतो.

गोळ्यांविषयी बरीच विचारणा होते. 2022 च्या डिसेंबरात व 2023 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मांजरांसाठी अनुक्रमे बेक्साग्लिफ्लोझिन व वेलाग्लिफ्लोझिन या तोंडाने देण्याच्या औषधांना मान्यता मिळाली. ती मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. परंतु ती प्रत्येक मांजरासाठी योग्य नसतात आणि त्यांच्यामुळे रक्तशर्करा फारशी न वाढताही कीटोनचा धोका उद्भवू शकतो. त्यामुळे घरातील माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या, त्याच गटातील असोत वा अन्य, मांजराला आपल्या मनाने देऊ नयेत. मेथी, कारले वा जांभूळ बी यांवर विसंबून इन्सुलिन थांबवणे तर सर्वथा टाळावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे

विस्तार कार्यकर्त्याने मात्रा सुचवू नये. परंतु त्याने केलेल्या तीन गोष्टींनी जीव वाचू शकतो. कुटुंबाच्या घरी जाऊन कुपी व सिरिंज हातात घेऊन दोन्हींवरील आकडे जुळतात काय, हे पाहावे. ग्लुकोज पावडर कोठे ठेवली आहे, हे विचारावे. तिसरी गोष्ट म्हणजे रात्री-अपरात्री गाठता येईल अशा जवळच्या दवाखान्याचा क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून द्यावा. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांचा आधार घेता येतो. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे, तर राज्याबाहेरील मराठी वाचकांसाठी महू, बिदर, आणंद व हैदराबाद येथे अशी महाविद्यालये आहेत.

लग्नकार्य, सुगी किंवा गावाला जाण्याच्या दिवसांत इंजेक्शन कोण देणार, हेही आधीच ठरवावे. शेजारच्या एका व्यक्तीला चार-पाच दिवस सोबत घेऊन शिकवले तर ती अडचण उरत नाही. सकाळी सहा व सायंकाळी सहा या वेळा बहुतेक शेतकरी कुटुंबांच्या दिनक्रमात बसतात. धारेची वेळ तीच मांजराच्या सुईची वेळ ठरवली, तर विसर पडत नाही.

पहिला आठवडा प्रत्येक कुटुंबाला अवघड जातो. हात कापतो, मांजर निसटते, आकडे समजत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते काम दोन मिनिटांचे होते आणि अनेक मांजरे खाण्याच्या ओढीने ठरल्या वेळी स्वतःच येऊन बसतात. नियमित वेळ, जुळणारे आकडे, धान्यविरहित आहार आणि हाताशी ग्लुकोज एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या, तर मधुमेही मांजर पुढील अनेक वर्षे समाधानाने जगू शकते.